छर्‍याची पारख : नेम, नळी आणि नमुना

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, पायनघाट संपून बालाघाटाची चढण जेथे सुरू होते तेथे वसले आहे. खानदेशातून दक्षिणेकडे निघालेल्या सैन्याला या वाटेने जाणे सोयीचे असे; त्यामुळे एवढ्याशा गावाच्या नावावर दोन लढाया नोंदल्या गेल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नासिरखानाचा येथे पराभव केला. १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहा आणि खानदेशचा राजा अलीखान यांच्या फौजांनी अहमदनगरचा सूत्रधार जमालखान यास येथेच गाठले. त्या लढाईत जमालखान मारला गेला आणि बुऱ्हाणास अहमदनगरचे तख्त मिळाले. जमालखानाचा अनुयायी खुदावंदखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली लहानशी पण देखणी मशीद ही गावाच्या त्या काळातील महत्त्वाची खूण होय.

दुसऱ्या लढाईच्या काळी दख्खनच्या सैन्यांत तोड्याच्या बंदुका सर्रास होत्या. त्यांची नळी आतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान ओतीत. कारण दारूची काजळी साचल्यावरही ती तोंडाकडून आत सरकली पाहिजे. अशी सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि अखेरचा स्पर्श ज्या बाजूस झाला असेल त्यानुसार वेडीवाकडी फिरत जाई. फिरणारी गोळी हवेत वळते हे बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ च्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढे बंदुकीची नळी डावीकडे वाकवून त्याने दाखवून दिले की, गोळी आरंभी डावीकडे जाते आणि नंतर उजवीकडे वळते. समोर हजारो माणसांचा जमाव असताना या दोषाची फारशी फिकीर कोणी करीत नसे. गोळी कोणाला तरी लागणार, एवढा विश्वास पुरेसा होता.

आज त्याच परिसरातील एखादा विद्यार्थी छर्‍याची बंदूक घेऊन नेमबाजी शिकू लागला तर त्याचा प्रश्न याच्या नेमका उलट असतो. त्याचे लक्ष्य दहा मीटरवर असते आणि त्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. बाजारात निरनिराळ्या छर्‍यांच्या डब्या मिळतात. त्यांच्या किमतींत मोठा फरक असतो, आणि प्रत्येकीवर अचूकतेची ग्वाही छापलेली असते. यांपैकी कोणती डबी घ्यावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात यामिकी आणि संख्याशास्त्र यांची मोठी गुंतागुंत दडलेली आहे. तिचा उलगडा न केल्यामुळे अनेकांचा पैसा आणि क्वचित मनःस्वास्थ्यही व्यर्थ खर्ची पडते.

प्रथम गुणांचे माप पाहू. स्पर्धेच्या छर्‍याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो. छर्‍याच्या छिद्राची कड दहाच्या ठिपक्यास नुसती शिवली तरी १०.० गुण मिळतात. म्हणजेच छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरपर्यंत ढळलेला चालतो. त्यानंतर मध्याकडे जाताना दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो आणि मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडलेल्या छर्‍यास १०.९ हा कमाल गुण मिळतो. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांशसिंह पनवार आणि ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर यांच्या संघाने १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. तिघांचे मिळून १८० छर्रे होतात, तेव्हा सरासरी १०.५२ येते. वरील मापाने हिशेब केल्यास या १८० छर्‍यांचे मध्यापासूनचे सरासरी अंतर मिलिमीटरहून किंचितच अधिक भरते. २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळविले, ते पूर्णांकी मोजणीचे होते. म्हणजे चाळीसही छर्रे अडीच मिलिमीटरच्या आत होते. या पातळीवर छर्‍याचा दोष आणि हाताचा दोष एकाच मापाचे असतात, आणि म्हणून ते वेगळे करणे भाग पडते.

छर्‍याचा आकार डमरूसारखा असतो : पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ पोकळ घेर. संकोचित हवेच्या दाबाने हा घेर फुगून नळीच्या भिंतीस घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. डोके नळीतील सर्पिल खाचांच्या उंचवट्यांवर टेकून छर्‍यास मध्यरेषेत ठेवते. मागचा भाग पोकळ असल्याने गुरुत्वमध्य पुढे राहतो आणि हवेचा रोध छर्‍यास बाणाच्या पिसाप्रमाणे सरळ ठेवतो. स्पर्धेच्या छर्‍याचे डोके सपाट असते. त्यास हवेचा रोध अधिक होतो. परंतु दहा मीटरच्या अंतरात त्याचे विशेष काही बिघडत नाही, आणि कागदावर कापल्यासारखे स्वच्छ छिद्र पडते. लांबच्या अंतरासाठी गोल डोक्याचा छर्रा वापरतात, तो या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहे.

नेमबाजांत सर्वांत रूढ असलेला उपाय म्हणजे छर्रे वजन करून निवडणे. सूक्ष्म तराजू घेऊन रात्ररात्र बसणारे हौशी लोक सर्वत्र आढळतात. या श्रमांचे फळ किती, ते मोजता येते. स्पर्धेचा छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅमचा असून सेकंदास १७० मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडतो. दहा मीटर जाण्यास त्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. हे पतन नेहमीच सारखे असेल तर दृष्टिसाधन त्याप्रमाणे बसविता येते. उपद्रव होतो तो त्यातील चढउताराचा. बंदुकीने दिलेली ऊर्जा साधारण स्थिर मानली तर वस्तुमानात एक टक्का फरक झाल्यास वेगात अर्धा टक्का आणि पतनात एक टक्का फरक पडतो, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. एक दशांश गुणाच्या पायरीपेक्षाही हे अंतर कमी आहे. चांगल्या डबीतील बहुतेक छर्रे मुळातच याहून सारखे असतात. तेव्हा दहा मीटरच्या नेमबाजीपुरते बोलायचे तर तराजूचे श्रम बव्हंशी वाया जातात. तराजूचा एकच खरा उपयोग आहे : ज्याच्या शिशात पोकळी राहिली आहे किंवा घेर तुटला आहे असा एखादा सदोष छर्रा त्याने हाती लागतो.

खरा दोष वजनात नसून तोलात असतो. छर्‍याचा गुरुत्वमध्य त्याच्या भूमितीय अक्षावर नेमका नसेल तर नळीत असेपर्यंत तो अक्षाभोवती एक बारीक सर्पिल काढीत जातो. नळीचे तोंड सुटताच त्या क्षणी ज्या दिशेस त्याचा आडवा वेग असेल त्या दिशेने तो निघून जातो. गोफणीतून सुटलेला दगड ज्याप्रमाणे स्पर्शरेषेने जातो तसाच हा प्रकार आहे. सर्पिल खाचांचा एक पूर्ण फेरा बहुतेक नळ्यांत सुमारे ४५ सेंटिमीटरमध्ये होतो. गुरुत्वमध्याचे विचलन, अंतर आणि २π यांचा गुणाकार करून त्यास फेऱ्याच्या लांबीने भागले की लक्ष्यावरील ढळ मिळतो. दहा मीटरसाठी हा गुणक सुमारे १४० येतो. गुरुत्वमध्य मिलिमीटरच्या केवळ एका शतांशाने ढळलेला असला तर छर्रा लक्ष्यावर १.४ मिलिमीटर बाजूला पडेल! वेग या सूत्रातून गळून जातो, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. छर्रा हाताने भरताना त्याचा जड भाग कोणत्या बाजूस राहील याचा नेम नसतो. म्हणून हा ढळ कोणत्याही एका दिशेस न जाता मध्याभोवती वर्तुळाकार विखुरतो.

या एका हिशेबातून नेमबाजांच्या अनेक अनुभवांचा उलगडा होतो. छर्‍याचे डोके नळीच्या मानाने सैल असेल तर तो नळीत तिरका बसतो, आणि तिरका बसलेला निर्दोष छर्राही सदोष छर्‍यासारखाच वागतो. डोके फार घट्ट असेल तर भरतानाच ते वाकडे दबते. म्हणूनच उत्पादक एकाच जातीचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा शतांशाच्या अंतराने विकतात. नळ्यांतही शतांशाचे फरक असतात, म्हणून एका बंदुकीस मानवलेला छर्रा तिच्या सख्ख्या बहिणीस मानवेलच असे नाही. शिवाय छर्रे ज्या साच्यांत दाबून काढतात ते साचे झिजतात व बदलले जातात, त्यामुळे एकाच नावाच्या दोन लॉटांत फरक पडतो. जर्मनीतील हेंडलर अँड नाटरमन किंवा झेक प्रजासत्ताकातील जेएसबी यांसारखे उत्पादक डबीवर लॉटचा क्रमांक छापतात, तो याचसाठी. अमुक कंपनीचा छर्रा उत्तम, हे विधान शास्त्रीय दृष्ट्या अपुरे आहे. अमुक लॉट अमुक नळीत कसा चालतो, एवढेच विचारता येते, आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष झाडून पाहिल्याशिवाय मिळत नाही.

झाडून पाहणे म्हणजे काय, येथेच खरी फसगत होते. प्रचलित पद्धत अशी : बंदूक शेगड्यात पक्की आवळायची, प्रत्येक डबीतील पाच छर्रे झाडायचे, सर्वांत दूर पडलेल्या दोन छिद्रांमधील अंतर मोजायचे आणि ज्या डबीचा पुंजका सर्वांत लहान ती विकत घ्यायची. या अंतराचे संख्याशास्त्रीय गुणधर्म फ्रँक ग्रब्ज याने १९६४ मध्ये नेमबाजांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत दिले आहेत. छर्‍यांचा विखुर दोन्ही दिशांस सारखा आणि प्रसामान्य आहे असे मानले, तर पाच छर्‍यांच्या पुंजक्याचे सर्वाधिक अंतर सरासरीने प्रमाण विचलनाच्या ३.०७ पट येते, दहांच्या पुंजक्याचे ३.८१ पट. पाचांच्या पुंजक्याची दहांच्या पुंजक्याशी तुलना करणारा मनुष्य आरंभीच चुकलेला असतो. याहून महत्त्वाचे असे की, पाचांच्या पुंजक्याचे हे अंतर एका वेळेपासून दुसऱ्या वेळेस सुमारे २७ टक्क्यांनी हेलकावे खाते.

याचा अर्थ स्पष्ट करण्यासारखा आहे. एकाच डबीतील छर्रे दोन डब्यांत वाटले आणि दोहोंचा एकेक पुंजका घेतला, तर निम्म्याहून अधिक वेळा एक पुंजका दुसऱ्याच्या सव्वापटीहून मोठा दिसेल. पाहणारा म्हणेल, ही डबी वाईट! आता दहा डब्या घ्या, सर्व अगदी सारख्या. दहांतील सर्वांत लहान पुंजका सरासरीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येईल, आणि परीक्षकास आपणांस रत्न गवसले असे वाटेल. घरी जाऊन तो त्याच डबीचे पुढील पाच छर्रे झाडील तेव्हा पुंजका पुन्हा सरासरीवर आलेला दिसेल. मग तो नळीला दोष देईल, हवेला देईल, स्वतःच्या हाताला देईल. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो. दहांतून उत्तम निवडताना त्याने सुदैव निवडलेले असते, आणि सुदैव डबीबरोबर घरी येत नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्यास हा न्याय परका नाही. बांधाजवळच्या चार झाडांना बोंडे लगडली म्हणून तो साऱ्या शिवाराचा कापूस मोजीत नाही. पिकांच्या कापणी-प्रयोगांत पां. वा. सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात दाखवून दिले की, फार लहान तुकड्यांवर कापणी केल्यास कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त येतो. तेथील दोष एकाच दिशेचा होता. येथे दोन दोष एकत्र येतात : लहान पुंजका विखुर लहान दाखवितो हा एक, आणि त्याचे माप अस्थिर असते हा दुसरा. पहिला दोष गुणकाने सुधारता येतो. दुसऱ्यास छर्‍यांची संख्या वाढविण्यावाचून उपाय नाही.

पाच छिद्रांतून केवळ दोनांचे अंतर घेणे म्हणजे तीन छर्‍यांची माहिती टाकून देणे होय. त्याऐवजी प्रत्येक छिद्राचे पुंजक्याच्या मध्यापासूनचे अंतर मोजून त्यांच्या वर्गांवरून प्रमाण विचलन काढावे. ‘न’ छर्‍यांवरून काढलेल्या या विचलनाची सापेक्ष त्रुटी सुमारे (न − १) च्या वर्गमुळाच्या दुपटीने एकास भागून मिळते. यावरून पुढील हिशेब निघतो. दोन डब्यांच्या विचलनांत ३० टक्क्यांचा फरक असेल, तर प्रत्येकीचे पंचवीस छर्रे झाडल्यावर तो फरक आपल्या प्रमाणत्रुटीच्या दुप्पट होतो. फरक १० टक्क्यांचा असेल तर त्यासाठी प्रत्येकी दोनशे छर्रे लागतात, आणि तेवढे झाडूनही निम्म्या वेळा तो निसटेल. डबीत पाचशे छर्रे असतात. म्हणजे बारीक फरक शोधण्याच्या नादात जवळजवळ अर्धी डबी परीक्षेतच संपते.

ज्या परीक्षेत वस्तू नष्ट होते तिच्यात हा पेच अटळ आहे. रोहिणखेडच्या शेजारी जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे १९६४ पासून लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना आहे. कोणत्याही अशा कारखान्यात प्रत्येक काडतूस उडवून पाहणे अशक्य असते. नमुना घेऊनच लॉट स्वीकारावा किंवा नाकारावा लागतो. नमुना किती घ्यावा हे आधी ठरवून न ठेवता, प्रत्येक निरीक्षणानंतर ‘स्वीकारा, नाकारा की पुढे चला’ असे ठरविण्याची रीत अब्राहम वाल्ड याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच गरजेतून बसविली. छर्‍यांच्या परीक्षेसही तीच लागू पडते. प्रत्येक डबीचे पंचवीस छर्रे झाडून उघड वाईट डब्या बाजूस काढाव्यात, उरलेल्यांवरच पुढील छर्रे खर्चावेत, आणि दोन डब्या शंभराच्या घरातही सारख्याच ठरल्या तर स्वस्त असेल ती घ्यावी. अशा वेळी महाग डबी घेण्यास कोणताही आधार उरत नाही.

प्रयोगाच्या मांडणीतही काही पथ्ये पाळावी लागतात. छर्‍याची जात बदलली की नळीतील शिशाचा पातळ लेप बदलेपर्यंत पहिले काही छर्रे भरकटतात, ते मोजणीत धरू नयेत. सकाळी एक डबी आणि दुपारी दुसरी असा क्रम ठेवू नये, कारण मग तापमानाचा फरक छर्‍याच्या नावावर जमा होतो. पहिली, दुसरी, दुसरी, पहिली असा फेर धरावा. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तेथे छिद्राचे स्थान आपोआप मिळते. तशी सोय नसेल तेथे एका कागदावर एकच छर्रा झाडावा, कारण एकमेकांवर पडलेली छिद्रे मोजता येत नाहीत. मात्र कागद दरवेळी दोन पक्क्या खिळ्यांत अडकविला पाहिजे, नाहीतर कागदाचे सरकणे हाच छर्‍याचा विखुर म्हणून नोंदला जाईल. सपाट डोक्याच्या छिद्राची कड व्हर्निअरने चांगली मोजता येते.

एवढा खटाटोप कोणी करावा, हा प्रश्न उरतो. हाताचा विखुर आणि छर्‍याचा विखुर परस्परांपासून स्वतंत्र असल्याने त्यांची विचलने मिळविली जात नाहीत, त्यांचे वर्ग मिळविले जातात. ज्याचे एकूण विचलन ०.८६ मिलिमीटर आहे, म्हणजे जो वर सांगितलेल्या विक्रमी सरासरीचा नेमबाज आहे, त्याच्या छर्‍याचा वाटा ०.४ मिलिमीटर असेल तर पूर्ण निर्दोष छर्‍याने त्याचा लाभ साठ छर्‍यांत सुमारे तीन गुणांचा होईल. जेथे अंतिम फेरीतील जागा दशांशांनी जाते तेथे तीन गुण म्हणजे फार मोठी मजल होय. त्याच्या हाती १ मिलिमीटर विचलनाचा छर्रा दिला तर त्या निर्दोष छर्‍याच्या मानाने तो पंधरा गुण गमावील. आता नवशिका घेऊ. त्याच्या हाताचे विचलन ४ मिलिमीटर, सरासरी गुण नऊच्या आसपास. ०.४ मिलिमीटरचा छर्रा त्याचे साठांत अर्ध्या गुणाच्या आसपास नुकसान करतो आणि १ मिलिमीटरचा छर्रा पावणेचार गुणांचे. एकूण पाचशे चाळीस गुणांत हे नुकसान त्याला जाणवणारही नाही. रोजच्या चढउतारातच ते बुडून जाईल.

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाच्या पालकास परदेशी डबीचा आग्रह केला जातो, त्या वेळी हा हिशेब त्याच्यासमोर असावयास हवा. महाग डबीच्या पैशांत स्वस्त छर्‍यांच्या अधिक डब्या येतात, आणि चार मिलिमीटरचा हात दोन मिलिमीटरवर येतो तो सरावाने. हात दीड मिलिमीटरच्या आसपास आला की छर्‍याची पारख करण्याची वेळ झाली असे समजावे. त्याआधी केलेली पारख बहुधा मनाचे समाधान असते, आणि कित्येकदा ते उलट अपाय करते. कारण आपला चुकलेला छर्रा डबीच्या माथी मारण्याची सवय एकदा जडली की हाताचा दोष दिसेनासा होतो.

निवड झाल्यावर त्याच लॉटच्या जितक्या डब्या झेपतील तितक्या एकदमच घ्याव्यात, हा अनुभवी नेमबाजांचा रिवाज वरील सर्व विवेचनाशी सुसंगत आहे. साठविताना शिशाचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. दमट हवेत त्यावर पांढरी पूड चढते, आणि ती सर्व बाजूंनी सारखी चढत नाही. म्हणजे ज्या तोलासाठी एवढा खर्च केला तोच बिघडतो. पावसाळ्यात डबी घट्ट झाकून कोरड्या जागी ठेवावी आणि पूड धरलेले छर्रे स्पर्धेसाठी वापरू नयेत. शिसे विषारी असल्याने हाताळल्यावर हात धुणे अगत्याचे आहे. लॉट संपत आला की, नव्या लॉटची परीक्षा जुन्यातील शेवटचे पंचवीस-तीस छर्रे राखून त्यांच्याशी समोरासमोर करावी. जुन्या वहीतील आकड्यांशी नव्या आकड्यांची तुलना करू नये.